दोन भिंतींमधली पातळी

डायोडवरचा विद्युतदाब वाढवला की त्यातून जाणारा प्रवाह वाढतो, ही शाळेच्या प्रयोगवहीपासून ओळखीची गोष्ट. अनुस्पंदी टनेलिंग डायोड हा नियम एका ठरावीक टप्प्यावर मोडतो. दाब शून्यापासून वाढवत नेला की प्रवाह आधी चढतो, शिखर गाठतो, आणि त्यानंतर दाब जरासा वाढवला तरी झपाट्याने घसरतो. घसरून दरीत पोचतो आणि पुढे पुन्हा चढू लागतो. शिखरापासून दरीपर्यंतच्या उतारावर दाब वाढतो तसा प्रवाह घटतो, म्हणून तिथला रोध ऋण आहे असे म्हणतात. या उपकरणाचे सारे महत्त्व त्या उतारात आहे. त्याचे जे स्पष्टीकरण बहुधा सर्वांत आधी कानावर पडते ते असे: इलेक्ट्रॉन हा तरंग आहे, दोन पातळ भिंतींमध्ये तो मागेपुढे परावर्तित होतो, परावर्तित तरंगांचे व्यतिकरण एका विशिष्ट ऊर्जेला जुळून येते तेव्हा भिंती पारदर्शक होतात, जुळणी बिघडली की प्रवाह पडतो. यातले एकही वाक्य चूक नाही. तरीही आलेखातला उतार हा त्या व्यतिकरणाचा पुरावा आहे, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे. उतारावरून खात्रीने कळते ते एवढेच की भिंतींमधल्या अरुंद जागेत इलेक्ट्रॉनचे तीनपैकी एका दिशेचे स्वातंत्र्य संपलेले असते, आणि उरलेल्या दोन दिशांचा संवेग भिंत ओलांडताना कायम राहतो. हा फरक बारीक वाटेल, पण हे उपकरण खोलीच्या तापमानालाही का चालते, किती वेगाने चालू शकते आणि कुठे अडते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

आधी एकाच भिंतीचा हिशेब पाहू. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात मध्येच काही थर असे वाढवले की त्यांत गॅलियमच्या सुमारे ३० टक्के जागा ॲल्युमिनियमने घेतल्या आहेत, तर त्या थरांत शिरण्यासाठी इलेक्ट्रॉनला सुमारे पाव इलेक्ट्रॉन-व्होल्ट जादा ऊर्जा लागते. ही झाली भिंत. खोलीच्या तापमानाला उष्णतेच्या हालचालीचे माप ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, म्हणजे भिंतीच्या उंचीचा सुमारे दहावा हिस्सा. तेव्हा उडी मारून पलीकडे जाणारे इलेक्ट्रॉन थोडेच. पण तरंगफलन भिंतीच्या तोंडाशी थांबत नाही. ते आत शिरते, घातांकी वेगाने क्षीण होत जाते, आणि भिंत पुरेशी पातळ असेल तर पलीकडच्या बाजूला त्याचा काही अंश शिल्लक राहतो. भिंत ५ नॅनोमीटर जाड आणि इलेक्ट्रॉनची ऊर्जा ०.०८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली, तर ढोबळ हिशेबाने शंभर धडकांपैकी एखादी धडक पार होते. हा आकडा इतका मोठा येण्याचे कारण गॅलियम आर्सेनाइडमध्येच आहे. त्या स्फटिकात इलेक्ट्रॉन जणू मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या ०.०६७ पट वस्तुमानाचा असल्यासारखा वागतो. तेवढ्याच उंचीच्या आणि जाडीच्या भिंतीवर पूर्ण वस्तुमानाचा इलेक्ट्रॉन धडकत असता तर कोट्यवधी धडकांत एखादीच पार झाली असती. भिंतीतून आरपार जाण्याच्या या प्रकाराला टनेलिंग म्हणतात, आणि पुंजयामिकीच्या अगदी आरंभापासून तो ज्ञात आहे. १९२८ साली जॉर्ज गॅमोव्ह यांनी, आणि त्यांच्याहून स्वतंत्रपणे गर्नी व कॉन्डन यांनी, अणुकेंद्रातून अल्फा कण कसा सुटतो याचे उत्तर टनेलिंगमध्ये शोधले. त्याच वर्षी फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी प्रखर विद्युत क्षेत्रात धातूतून इलेक्ट्रॉन कसे निघतात हे त्याच आधारे समजावले. मात्र भिंतीच्या दोन्ही बाजूंना सर्व दिशांनी मोकळा स्फटिक किंवा धातू असेल, तर दाब वाढवल्यावर टनेलिंगचा प्रवाह वाढतच जातो. नुसत्या टनेलिंगमधून उतार निघत नाही.

उतार पहिल्यांदा दिसला तो लिओ एसाकी यांच्या डायोडमध्ये. १९५७ साली, पुढे सोनी या नावाने प्रसिद्ध झालेल्या टोकियोच्या कंपनीत काम करताना, त्यांनी जर्मेनियमच्या पी-एन संधीत अपद्रव्यांचे प्रमाण इतके वाढवले की मधला अडथळा काही नॅनोमीटरांवर आला आणि इलेक्ट्रॉन त्यातून टनेलिंगने पलीकडे जाऊ लागले. थोड्या दाबाला एका बाजूचे भरलेले पट्टे दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या पट्ट्यांसमोर येतात आणि प्रवाह वाहतो. दाब वाढला की तेच इलेक्ट्रॉन पलीकडच्या निषिद्ध पट्ट्यासमोर येतात. जायला जागाच नसते, प्रवाह घसरतो. या शोधासाठी एसाकींना १९७३ सालच्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. माझ्या मुद्द्यासाठी यातली लक्षात घेण्याजोगी बाब अशी की इथे व्यतिकरणाचा संबंधच येत नाही. उतार तयार झाला तो पलीकडे उपलब्ध अवस्था संपल्यामुळे. अनुस्पंदी डायोड हा या डायोडचा पुढचा वंशज. त्याच्या उताराचे मूळही अवस्थांच्या हिशेबात असावे अशी शंका इथेच यायला हवी होती. ती उशिरा आली, कारण नवे उपकरण वेगळ्याच वाटेने घडले.

ती वाट अशी. एसाकी १९६० मध्ये आयबीएमच्या अमेरिकेतील संशोधनकेंद्रात गेले. तिथे १९७० साली त्यांनी आणि राफेल त्सू यांनी एक प्रस्ताव मांडला: दोन अर्धवाहकांचे पातळ थर आलटून पालटून वाढवले, तर निसर्गात नसलेल्या आवर्तनाचा स्फटिक हाती येईल आणि इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापट्ट्यांची रचना माणसाला ठरवता येईल. असे थर वाढवण्याचे तंत्र, मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सी, त्याच सुमाराला बेल प्रयोगशाळेत आल्फ्रेड चो आणि जॉन आर्थर यांच्या कामातून आकार घेत होते. अतिशय उच्च निर्वातात तापवलेल्या पाट्यावर गॅलियम, ॲल्युमिनियम आणि आर्सेनिक यांचे झोत सोडायचे आणि स्फटिक एकेका आण्विक थराने वाढवायचा, हे त्याचे स्वरूप. गॅलियम आर्सेनाइडचा असा एक थर ०.२८ नॅनोमीटरचा, ॲल्युमिनियम आर्सेनाइडच्या जालकाचे माप त्याच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळते, म्हणून एकावर दुसरा थर ताण न येता बसतो. १९७३ मध्ये त्सू आणि एसाकी यांनी मोजक्या थरांच्या रचनेतून इलेक्ट्रॉन कसे पार होतील याचे गणित प्रसिद्ध केले, आणि १९७४ मध्ये लेरॉय चांग यांच्यासह दोन भिंती व मध्ये एक विहीर एवढीच रचना घेऊन प्रयोग केला. भिंती सुमारे ८ नॅनोमीटरच्या होत्या, आणि उपकरण द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत थंड केल्यावर अनुस्पंदाच्या खुणा आलेखात दिसल्या. गणित तरंग पार होण्याचे होते आणि प्रयोगाने त्याला दुजोरा दिला. साहजिकच व्यतिकरणाचे चित्र आणि उतार यांची गाठ इथे पक्की बसली.

ते चित्र सुंदर आहे, आणि त्याला न्याय देऊनच पुढे जायला हवे. शंभर धडकांतून एक पार होऊ देणाऱ्या दोन भिंती एकामागे एक ठेवल्या, तर दहा हजारांत एक पार होईल असे सरळ गणित सांगते. बहुतेक ऊर्जांना ते ढोबळमानाने खरेही आहे. पण दोन भिंतींमधल्या ५ नॅनोमीटरच्या विहिरीत तरंग बसायचा तर त्याची लांबी जागेशी जुळावी लागते. अशी पहिली पातळी आपल्या उदाहरणात सुमारे ०.०८ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर येते. नेमक्या त्या ऊर्जेचा तरंग आत शिरला की प्रत्येक परावर्तनानंतर तो स्वतःशी जुळत राहतो. विहिरीतला तरंग बाहेरच्या तरंगाच्या मानाने कितीतरी तीव्र होतो, आणि शेवटी पहिल्या भिंतीतून मागे गळणारा त्याचा अंश तिथल्या मूळ परावर्तनाला पुरता रद्द करतो. परावर्तन शून्य झाले, म्हणजे सगळेच पार. दोन भिंती तंतोतंत सारख्या असतील तर त्या ऊर्जेला शंभरातले शंभर पार होतात. प्रकाशाच्या बाबतीत फाब्री आणि पेरो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन अर्धपारदर्शक आरशांमध्ये हाच परिणाम साधला होता. मात्र या चित्राला दोन अटी आहेत. पहिली समानतेची: एक भिंत शंभरात एक आणि दुसरी दहा हजारांत एक पार करणारी असेल, तर अनुस्पंदी ऊर्जेलासुद्धा शंभरातले चारच पार होतात. डायोडवर दाब लावला की दोन भिंतींची उंची सारखी राहतच नाही. संग्राहकाकडची, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर पडतात त्या टोकाची भिंत उत्सर्जकाच्या, म्हणजे ते जिथून येतात त्या बाजूने पाहता खाली झुकते. दुसरी अट वेळेची: विहिरीतला तरंग तीव्र व्हायला पुष्कळ फेऱ्या लागतात, आणि त्या सगळ्या फेऱ्यांत त्याची कला, म्हणजे तरंगाचा ठेका, कुठल्याही टकरीने मोडता कामा नये.

दुसरी अट किती कठीण आहे याचा अंदाज करता येतो. आपल्या विहिरीतली एक फेरी सुमारे ०.०२६ पिकोसेकंदाची. भिंती ५ नॅनोमीटरच्या असतील तर इलेक्ट्रॉन बाहेर गळण्यापूर्वी सरासरी पिकोसेकंदभर आत राहतो. ८ नॅनोमीटरच्या असतील तर वीसेक पिकोसेकंद. शुद्ध गॅलियम आर्सेनाइडमध्ये खोलीच्या तापमानाला इलेक्ट्रॉनची जालकाच्या कंपनांशी टक्कर सुमारे ०.३ पिकोसेकंदाला एकदा होते. म्हणजे जाड भिंतींच्या विहिरीत मुक्काम संपेपर्यंत डझनावारी टकरी. इतक्या टकरींत ठेका टिकणे शक्य नाही, आणि तो टिकत नसेल तर शंभरातल्या शंभराची पारदर्शकता कागदावरच राहते. व्यतिकरणावर उतार अवलंबून असता, तर पातळ भिंतींच्या निवडक रचना आणि अतिशीत तापमान सोडून तो दिसायलाच नको होता. प्रत्यक्षात १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो खोलीच्या तापमानालाही दिसू लागला.

पेच उघड झाला तो मात्र वेगाच्या मोजमापातून. १९८३ मध्ये एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत सोलनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिंती आणि विहीर प्रत्येकी सुमारे ५ नॅनोमीटरची असलेल्या रचनेवर २.५ टेराहर्ट्झ वारंवारतेपर्यंतचे विद्युत क्षेत्र लावून पाहिले, आणि उपकरणाचा प्रतिसाद तितक्या जलद बदलांनाही टिकत असल्याचे दाखवले. २.५ टेराहर्ट्झचे एक आवर्तन ०.४ पिकोसेकंदाचे. ज्या विहिरीत तरंगाचा साठा भरायला आणि ओसरायला त्याहून जास्त वेळ लागतो, ती विहीर या बदलांच्या मागे कशी धावेल? बेल प्रयोगशाळेतील सर्ज ल्युरी यांनी १९८५ मध्ये हाच प्रश्न विचारला. फाब्री-पेरो पद्धतीच्या अनुस्पंदाची वेगमर्यादा काढून त्यांनी दाखवले की हे निरीक्षण त्या चित्रात बसत नाही, आणि उताराचे दुसरे कारण पुढे केले. माझ्या मते या विषयातले सर्वांत मोलाचे लेखन तेच.

ल्युरी यांचे म्हणणे समजून घेण्यासाठी उत्सर्जकातले इलेक्ट्रॉन संवेगांच्या अवकाशात मांडून पाहावे. फर्मी ऊर्जेपर्यंतच्या सगळ्या अवस्था भरल्या की त्यांचा एक भरीव गोल होतो. इलेक्ट्रॉनच्या संवेगाचे तीन घटक: एक भिंतीच्या दिशेने, दोन भिंतीला समांतर. विहिरीत शिरणाऱ्या इलेक्ट्रॉनला भिंतीच्या दिशेची ऊर्जा निवडण्याची मुभा नाही. तिथे एकच पातळी आहे. समांतर दिशांना विहीर मोकळी आहे, आणि भिंत सपाट असल्यामुळे तो संवेग ओलांडताना बदलत नाही. म्हणून उत्सर्जकातले जे इलेक्ट्रॉन भिंतीच्या दिशेची ऊर्जा नेमकी विहिरीच्या पातळीएवढी बाळगून आहेत, तेवढेच आत जाऊ शकतात. गोलात ते सगळे एका सपाट चकतीवर येतात, लिंबू आडवे कापल्यावर मिळते तशा. दाब नसताना पातळी फर्मी ऊर्जेच्या वर असते आणि सुरी लिंबाला लागतच नाही. दाब वाढला की पातळी उत्सर्जकाच्या मानाने खाली येते. सुरी टोकाला लागते, मग मध्याकडे सरकते, चकतीचे क्षेत्रफळ वाढत जाते आणि त्या प्रमाणात प्रवाह वाढतो. पातळी उत्सर्जकाच्या संवहन पट्ट्याच्या तळाशी आली की सुरी बरोबर मध्यावर असते, चकती सर्वांत मोठी, प्रवाह शिखरावर. पातळी आणखी खाली गेली की पट्ट्याच्या तळाखाली त्या ऊर्जेचा एकही इलेक्ट्रॉन उत्सर्जकात नसतो. चकती हळूहळू लहान होत नाही, नाहीशी होते. म्हणून चढ सरळ रेषेसारखा आणि पडझड अचानक. लावलेल्या दाबापैकी साधारण निम्माच विहिरीच्या मध्यापर्यंत खर्च होत असल्याने हे शिखर पातळीच्या ऊर्जेच्या किमान दुपटीच्या आसपासच्या दाबाला येते. आपल्या उदाहरणात ०.१६ व्होल्टच्या थोडे पुढे. या सगळ्या हिशेबात इलेक्ट्रॉन विहिरीतून पुढे संग्राहकात कसा गेला, ठेका राखून की डझनभर टकरी खाऊन, याचा उल्लेखही करावा लागला नाही.

हे नुसते पर्यायी कथन आहे की त्याला वेगळा पुरावा आहे, असे कोणी विचारले तर उत्तर १९८६ च्या एका प्रयोगात मिळते. मोर्कोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ल्युरीही त्यांत होते, अशी रचना केली की उत्सर्जक आणि विहीर यांच्यामध्ये टनेलिंगची भिंत आहे, पण विहिरीच्या पलीकडे तशी दुसरी भिंत नाही. दोन अर्धपारदर्शक आरसे असले तरच फाब्री-पेरोचा परिणाम संभवतो. इथे एकच होता. तरी उतार दिसला. व्यतिकरणाची व्यवस्थाच काढून घेतल्यावरही जो परिणाम टिकतो, त्याचे श्रेय व्यतिकरणाला देणे अवघड आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप गणिताच्या बाजूने येतो. वाइल आणि व्हिंटर यांनी १९८७ मध्ये दाखवले की संपूर्ण ठेका राखणारे आणि टप्प्याटप्प्याने जाणारे, अशी दोन्ही चित्रे एकाच अनुस्पंदी प्रवाहाकडे नेतात. ब्यूटिकर यांनी पुढच्याच वर्षी मधली सगळी भूमी नीट मोजली: टकरी वाढतात तसे पारदर्शकतेचे शिखर बुटके होते, पण तेवढेच रुंद होते, आणि त्याखालचे क्षेत्रफळ तसेच राहते. उत्सर्जकातून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा या शिखराच्या रुंदीच्या मानाने पुष्कळ पसरलेल्या असल्यामुळे प्रवाह ठरतो तो क्षेत्रफळावरून. मग दोन चित्रांतला वाद पोकळ नाही का? माझ्या दृष्टीने हाच निकाल मूळ मुद्द्याला बळ देतो. दोन्ही चित्रे एकच आलेख देत असतील, तर आलेख पाहून त्यांच्यापैकी एकाची निवड करता येत नाही. उताराला व्यतिकरणाचा पुरावा म्हणणे म्हणजे नेमकी तीच निवड करणे. शिवाय प्रवाह सारखा आला तरी इतर राशी सारख्या येत नाहीत. इलेक्ट्रॉन बाहेर पडताना कोणत्या ऊर्जेने पडतो, विहिरीत त्याने जालकाला किती ऊर्जा दिली, हे टकरींवर अवलंबून आहे. ते शोधायचे तर त्या राशी मोजाव्या लागतात.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे: व्यतिकरण बाजूला सारले तर हे उपकरण पुंजयामिकीचे उदाहरण तरी राहते का? राहते, आणि अधिक ठळकपणे राहते. विहिरीत एकच पातळी असते याचे कारण तरंगच आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या काही फेऱ्या ठेका राखून पार पडल्या की पातळी आकाराला येते, ०.३ पिकोसेकंदात अशा दहा-बारा फेऱ्या होतात, तेवढ्या पुरतात. टकरींमुळे पातळीला जी रुंदी येते ती दोन-तीन सहस्रांश इलेक्ट्रॉन-व्होल्टची, म्हणजे ०.०८ च्या मानाने किरकोळ. तरंगाने एवढे काम केले की बाकीचे काम अवस्थांच्या मोजणीचे. पातळी बनण्यासाठी लागणारा थोडका ठेका आणि पूर्ण पारदर्शकतेसाठी लागणारा दीर्घ ठेका यांची गल्लत हेच या विषयातल्या गोंधळाचे मूळ आहे.

टकरींचा खरा ठसा शिखरात नाही, दरीत आहे. वर सांगितलेल्या हिशेबाप्रमाणे शिखरानंतर प्रवाह शून्यावर यायला हवा. तो येत नाही. भिंतींवरून उष्णतेने उडी मारणारे इलेक्ट्रॉन थोडा प्रवाह वाहतात, विहिरीची दुसरी पातळी हळूहळू खाली येऊ लागते, आणि मुख्य म्हणजे समांतर संवेग जपण्याचा नियम टकरींमुळे सैल होतो. गॅलियम आर्सेनाइडच्या जालकाच्या एका कंपनप्रकाराची ऊर्जा ०.०३६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. पातळी उत्सर्जकाच्या तळाखाली तेवढीच उतरली की इलेक्ट्रॉन ती ऊर्जा जालकाला देऊन विहिरीत शिरू शकतो, आणि शीत तापमानाला दरीत एक छोटा उंचवटा दिसतो. म्हणून उपकरणाची प्रत शिखर आणि दरी यांच्या गुणोत्तरावरून ठरवतात. १९८८ मध्ये इंडियम गॅलियम आर्सेनाइड, ॲल्युमिनियम आर्सेनाइडच्या भिंती आणि विहिरीत इंडियम आर्सेनाइडचा थर अशा रचनेने खोलीच्या तापमानाला हे गुणोत्तर ३० पर्यंत नेले. तिथे उंच भिंतींनी उडी मारणारे रोखले, आणि दुसरी पातळी बरीच वर राहिली. शीत उपकरणांपुरते वाटलेले वैशिष्ट्य असे रोजच्या तापमानाला आले.

आलेख घाईने वाचला की काय होते याचे आणखी एक उदाहरण द्यायला हवे. १९८७ मध्ये गोल्डमन, त्सुई आणि कनिंगहॅम यांनी उतारावर दुहेरी वाट नोंदवली: दाब वाढवताना प्रवाह एका रेषेने जातो, कमी करताना दुसऱ्या. विहिरीत साठलेला प्रभार पातळी वर ढकलतो आणि त्यामुळे उपकरण दोन स्थिर अवस्थांत राहू शकते, हे त्यांचे स्पष्टीकरण. सोलनर यांनी लगेच हरकत घेतली की ऋण रोध असलेले कोणतेही उपकरण मोजमापाच्या तारांशी मिळून दोलने करू लागते, आणि त्यामुळेही असाच आलेख उमटतो. दोघांच्याही म्हणण्यात दम होता. पुढच्या वर्षी असमान भिंतींच्या रचना केल्या गेल्या, संग्राहकाकडची भिंत मुद्दाम जाड, जेणेकरून विहिरीत प्रभार भरपूर साठावा. दाबाची एक दिशा घेतली की दुहेरी वाट ठळक, उलट दिशा घेतली की जवळपास नाहीशी. तारा दोन्ही वेळा त्याच होत्या. आलेखाच्या आकाराने जे ठरेना ते रचना बदलून ठरले. मोर्कोच यांच्या एका भिंतीच्या प्रयोगातही हेच घडले होते.

आता उपयोगाबद्दल. एकाच उपकरणात एकाहून अधिक स्थिर अवस्था मिळतात म्हणून संगणकाच्या परिपथांत हे डायोड ट्रान्झिस्टरची जागा घेतील अशी आशा एके काळी होती. ती फळली नाही. दोन टोकांच्या उपकरणात आत येणारा आणि बाहेर जाणारा संकेत वेगळे ठेवणे कठीण, आणि ॲल्युमिनियम आर्सेनाइडच्या उंच भिंतीची जाडी एका आण्विक थराने चुकली तरी प्रवाह दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो. लक्षावधी उपकरणे हुबेहूब सारखी हवीत तिथे हा दोष गंभीर आहे. पण यावरून हे उपकरण निष्फळ ठरवणे अन्यायाचे होईल. ऋण रोध परिपथातले नुकसान भरून काढतो आणि दोलने चालू ठेवतो, आणि हे तो खोलीच्या तापमानाला, एका इवल्याशा चकत्यावर करतो. १९९१ मध्ये ब्राउन आणि सहकाऱ्यांनी इंडियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम अँटिमोनाइड यांच्या डायोडमधून ७१२ गिगाहर्ट्झची दोलने मिळवली. टोकियोच्या तंत्रज्ञान संस्थेत असादा आणि सुझुकी यांच्या गटाने २०१० मध्ये १ टेराहर्ट्झ ओलांडला आणि २०१७ पर्यंत १.९८ टेराहर्ट्झपर्यंत मजल मारली. साध्या इलेक्ट्रॉनिक दोलकांना जी पट्टी फार वरची आणि लेझरना फार खालची, तिथे ही उपकरणे काम करतात. शक्ती अजून अल्प आहे. एका दोलकाचे उत्पादन मायक्रोवॅटांत मोजावे लागते, आणि ती वाढवणे हाच आजचा मोठा प्रश्न आहे.

या जलद उपकरणांकडे पाहून कोणी म्हणेल की इथे भिंती जेमतेम एक-दीड नॅनोमीटरच्या आहेत, मुक्काम टकरींमधल्या काळापेक्षा पुष्कळ कमी आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन ठेका राखूनच पार होत असणार. हे मला मान्य आहे. ठेका कुठेच नसतो असा माझा दावा नाही; तो आहे की नाही हे उतार सांगत नाही, एवढाच आहे. पातळ भिंतींच्या डायोडमध्ये आपण ठेक्याबद्दल खात्रीने बोलतो ते मुक्कामाचा आणि टकरीचा काळ शेजारी ठेवून, आलेखाकडे बोट दाखवून नव्हे. आणि त्या डायोडांची वेगमर्यादा ठरवतानाही विहिरीतला मुक्काम हा तीन विलंबांपैकी एकच असतो. संग्राहकाकडचा रिकामा प्रदेश ओलांडायला लागणारा वेळ आणि रोध व धारिता यांच्या गुणाकारातून येणारा विलंब अनेकदा त्याच्या बरोबरीचे असतात. पुढील विवेचनात म्हणूनच क्रम नेहमीपेक्षा उलटा ठेवला आहे. विहिरीतली पातळी आणि तिच्यातल्या दोन दिशांच्या अवस्थांची मोजणी आधी येते, उताराचे गणित तिथूनच काढले आहे. टकरी आणि दरीचा प्रवाह त्यानंतर; दोन भिंतींतून तरंग पूर्णपणे पार होण्याचे गणित त्याच्याही पुढे, मुक्कामाच्या काळासोबत, जिथे त्याचा खरोखर उपयोग होतो.